रस्ता खरंच बंद आहे का, ताई?

माझी सगळी नोकरी जळगावच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत झाली. धुळ्याची गाडी कधी लागेल, चाळीसगावची गेली का, पाचोऱ्याला उभं राहून जावं लागेल का, एवढ्या प्रश्नांत माझं तारुण्य संपलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. पण तसं व्हायचं नव्हतं.

आमच्या गल्लीतला निखिल पुण्यात शिकून परत आला होता. दोन मित्रांना घेऊन त्याने एक ॲप तयार केलं. जळगाव आणि धुळे या दोन शहरांतले रस्ते, आणि मधला महामार्ग. कुठे गाड्या तुंबल्यात, कुठे खोदून ठेवलंय, कुठून वळावं, हे त्यात त्या त्या वेळी दिसायचं. एक दिवस तो घरी आला आणि म्हणाला, "कुंदाताई, आम्हाला लोकांशी बोलणारं माणूस हवंय. तुम्ही इतकी वर्षं तेच केलंत."

मी म्हटलं, "मला मोबाइलवर धड फोटो पाठवता येत नाही."

"ते शिकवतो. चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मला शिकवता येणार नाही."

तशी मी या कामात आले. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून यंदा सोडलं. लोक अजून विचारतात की तुम्ही तिथे नेमकं काय करत होता, म्हणून आधी तेवढं सांगते.

गाडीत बसलेल्या माणसाच्या खिशातला मोबाइल आपण किती वेगाने सरकतोय ते कळवत असतो. एका रस्त्यावरचे सगळे मोबाइल भराभर चालले असतील तर नकाशावर ती रेघ हिरवी दिसते. मंदावले की पिवळी, रखडले की लाल. हे सगळं मशीन करतं. पण मशीनला वेग कळतो, कारण कळत नाही. रेघ लाल का झाली, हे शोधणं आमचं काम. अपघात आहे, खोदकाम आहे, झाड पडलंय की मिरवणूक आहे, ते फोन करून विचारायचं, खात्री करायची आणि नकाशावर त्याचं चित्र लावायचं. रस्ता पुरता बंद असेल तर "बंद" करायचा, म्हणजे ॲप तिकडे गाडी पाठवत नाही. खोदकामाची माहिती खरं तर आम्हाला आधी मिळायला हवी. पण जळगावात रस्ता खोदणाऱ्यालाच कधी कधी आदल्या संध्याकाळपर्यंत माहीत नसतं, तिथे आम्हाला कोण सांगणार?

एकदा एका गृहस्थांचा फोन आला. "माझ्या घरासमोर लाल दाखवताय. मी गॅलरीत उभा आहे. रस्त्यावर काळं कुत्रं नाही." मी विचारलं, शेजारी मंगल कार्यालय आहे का? होतं. वऱ्हाडाची बस दारात उभी होती आणि उकाड्यामुळे अर्धं वऱ्हाड बसमध्येच एसी लावून बसलं होतं. इतके मोबाइल एका जागी, म्हणजे मशीनच्या हिशेबी वाहतूक ठप्प. एका मिठाईवाल्याची तऱ्हा आणखी निराळी. तो दर सणाला फोन करून म्हणायचा, "ताई, आमच्या चौकातली लाल रेघ तेवढी पुसा, गिऱ्हाईक घाबरतं." मी म्हणायचे, शेठ, ती रेघ तुमच्याच गिऱ्हाइकांच्या गाड्यांची आहे. त्यावर तो खूश व्हायचा आणि पुढच्या सणाला पुन्हा फोन करायचा.

धुळ्याकडची खात्री करायला युनूसभाई होते. पूर्वी कुरिअरची पाकिटं वाटायचे, त्यामुळे देवपूरपासून एमआयडीसीपर्यंत त्यांना घर न घर ठाऊक. मोटारसायकलवर प्रत्यक्ष जाऊन बघायचे आणि मला फोनवर सांगायचे. महामार्गावरच्या गावांत मात्र आमचं माणूस नव्हतं. तिथे मी ओळखी काढून ठेवल्या होत्या. पेट्रोल पंपावरचा, रसवंतीवाला, टायरवाला.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती पारोळा आणि धुळे यांच्या मधल्या एका गावाची. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी पुन्हा तिकडून गाडी घालेल.

महामार्गावर एका मोरीचं काम निघालं. मोरी म्हणजे रस्त्याखालून नाल्याचं पाणी जायला केलेला छोटा पूल. अर्धा रस्ता बंद, उरलेल्या अर्ध्यावरून आधी इकडच्या गाड्या, मग तिकडच्या. रांग लांबच लांब लागायची. मोरीच्या अलीकडे एक फाटा फुटतो, तो या गावातून जातो आणि मोरीच्या पलीकडे पुन्हा महामार्गाला लागतो. रस्ता डांबरी, नकाशावर नीट काढलेला. ॲपने तो शोधला आणि लहान गाड्यांना तिकडून वळवायला लागलं. आम्हाला कौतुक वाटलं. लोकांचे आभाराचे निरोप आले.

मग एक दिवस तक्रारीच्या नंबरवर एका बाईचा फोन आला.

"कोन बोली राहिनी माय तू? आमना गावमा गाड्या धाडनारी तूच शे का?"

माझं माहेर धुळ्याकडचं. अहिराणी ऐकली की माझी ऑफिसची भाषा आपोआप गळून पडते. मी म्हटलं, "मी नही अक्का. मोबाइल वाट दखाडस."

"मोबाइलले काय माहीत, आठे पोरे खेळतस ते?"

या कमलअक्का. गावाच्या मधोमध, बरोबर वळणावर त्यांची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून त्याच चालवतात. गिरणीच्या ओट्यावरून त्या रोज गाड्या बघत होत्या. दळण घेऊन आलेल्या बायकांना रस्ता ओलांडता येईना, शाळा सुटली की मास्तरांना मध्ये उभं राहावं लागे, कोणाची शेळी चिरडली. शेवटी त्यांनी एका गाडीवाल्याला थांबवून विचारलं, तुला या वाटेने यायला कोणी सांगितलं? त्याने मोबाइल दाखवला. अक्कांनी त्याच्याकडूनच आमचा नंबर काढून घेतला.

मी निखिलकडे गेले. तो शांतपणे ऐकणारा मुलगा आहे. म्हणाला, "ताई, त्यांचं म्हणणं खरं आहे. पण रस्ता उघडा आहे. उघड्या रस्त्याला आपण बंद म्हटलं तर उद्या आपल्या कुठल्याच शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही. त्या रस्त्यावर अवलंबून असलेलाही कोणी असतो."

मला ते पटलं. तरी अक्कांचंही पटलं होतं. मग आम्ही मधला मार्ग काढला. शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी तो रस्ता ॲपने सुचवायचा नाही, एरवी सुचवायचा. अक्कांना कळवलं. त्या म्हणाल्या, "थोडं बरं व्हयनं." म्हणजे पूर्ण बरं झालं नव्हतं. त्यानंतर मी अधूनमधून त्यांनाच फोन करून रस्त्याची खबर घेऊ लागले. त्या गाड्यांबद्दल चार वाक्यं बोलायच्या आणि मग माझ्या सुनेबद्दल विचारायच्या.

एका दुपारी मोरीपाशी एक ट्रेलर आडवा झाला. महामार्गाची रेघ लालभडक झाली. लहान गाड्या गावाकडे वळायला लागल्या. थोड्या वेळाने गावातलीही रेघ लाल झाली. पण हा लाल मला वेगळा वाटला. ट्रॅफिक तुंबतं तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. इथे लाल तुकडा पुढे पुढे सरकत होता, अगदी हळू, पायी चालल्यासारखा.

मी अक्कांना फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला. मागून गाड्यांचे भोंगे ऐकू येत होते.

"अक्का, गाड्या अडकन्यात का?"

"गाड्या नहीत माय, मानसे शेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मना जेठ गयात सकायले. आम्ही तेस्ले लई चालनूत. मांगे गाड्या लागेल शेत, भोंगा वाजाडी राहिनात."

त्यांच्या मोठ्या दिरांची, आप्पांची, अंत्ययात्रा होती. गाव सगळं पायी चाललं होतं, आणि प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल आपण किती सावकाश चाललोय ते आम्हाला कळवत होता. त्या लाल रेघेच्या आत माणसं रडत चालली होती आणि त्यांच्या पाठीला गाड्या लागल्या होत्या, आमच्या ॲपने पाठवलेल्या.

मी रस्ता बंद करायला घेतला. बंद करताना कारण निवडावं लागतं. अपघात, खोदकाम, पाणी साचलंय, झाड पडलंय, मिरवणूक. मिरवणुकीपुढे ढोलाचं चित्र येतं. ते लावायला माझा हात धजेना. शेवटी "इतर" निवडलं आणि रस्ता बंद केला. नवीन गाड्या गावाकडे वळायच्या थांबल्या. आधी शिरल्या होत्या त्या मात्र आतच होत्या.

मी पाणी प्यायला उठले तोच रुग्णवाहिकांसाठी ठेवलेला वेगळा नंबर वाजला. सुभाषभाऊ. पारोळ्याहून धुळ्याला पेशंट नेणारे ड्रायव्हर, माझ्या नेहमीच्या बोलण्यातले. त्यांच्या आवाजात घाई कधीच नसायची. आज होती.

"ताई, मी फाट्यावर आहे. मोरीपाशी हलायला जागा नाही, ट्रेलर आडवा आहे. गावातला रस्ता तुम्ही बंद दाखवताय. खरंच बंद आहे का, ताई?"

"पेशंट काय आहे?"

"बाई आहे. शेतात साप चावला. श्वास कमी पडायला लागलाय. धुळ्यात श्वासाचं मशीन तयार ठेवलंय, तिथपर्यंत न्यायचंय."

बसस्थानकाच्या खिडकीत मी एक गोष्ट शिकले होते. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं, आणि माहीत असेल ते लपवायचं नाही. मी सांगितलं, "रस्ता बंद नाही, सुभाषभाऊ. मी बंद केलाय. आत अंत्ययात्रा चाललीये आणि तिच्या मागे गाड्या अडकल्यात."

ते म्हणाले, "मग मी काय करू?"

"आत घाला. सायरन फक्त गावाबाहेर वाजवा. मी बोलते."

मी बोलते म्हटलं खरं. पण कोणाशी आणि काय बोलायचं? ज्या बाईच्या घरातला कर्ता माणूस खांद्यावर चाललाय, तिला फोन करून वाट मागायची? तरी नंबर लावला. अक्कांनी लगेच उचलला.

"अक्का, मांगे दवाखानानी गाडी येई राहिनी. तीमा एक बाई शे. साप चावना तिले."

पलीकडे पावलांचा आवाज येत होता. तो थांबला.

"जित्ती शे?"

"जित्ती शे."

"मंग येऊ दे तिले."

फोन त्यांनी बंद केला नाही. तो तसाच हातात राहिला असावा, कारण पुढचं बोलणं मला ऐकू आलं. आमच्याकडे तिरडी वाटेत एका ठरलेल्या जागी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढे नेतात. त्याला विसावा म्हणतात. या गावाचा विसावा नाल्याजवळ, अजून बराच पुढे होता. अक्का म्हणाल्या, "आप्पाले टेकाडा रे जरासा. बठ्ठा कडेले व्हा."

एका पुरुषाचा आवाज आला, बहुधा पुतण्याचा. "काकू, विसावा पुढे शे."

"आज विसावा आठेच."

कोणी वाद घातला नाही. निदान मला तरी ऐकू आला नाही. पुढे काय झालं ते सुभाषभाऊंनी नंतर सांगितलं. गावातल्या वळणावर गिरणीसमोर तिरडी खाली ठेवली होती, रस्त्याच्या अगदी कडेला, आणि दोन्ही बाजूंना लोक भिंतीला टेकून उभे होते. खांदा दिलेली माणसं मागे धावत आली. त्यांनी अडकलेल्या गाड्या एकेक करून कोणाच्या खळ्यात, कोणाच्या वाड्यात, शाळेच्या अंगणात घालायला लावल्या. मघाशी भोंगे वाजवणारे गाडीवाले खाली उतरून एकमेकांना मागे घ्यायला मदत करत होते. एका गाडीचं चाक गटारात गेलं, ती लोकांनी उचलून बाजूला ठेवली. सुभाषभाऊ म्हणाले, "ताई, मी तिरडीजवळून जाताना गाडी इतकी हळू घेतली की मला आप्पांच्या अंगावरच्या फुलांचा वास आला. मी हात जोडले आणि पुढे गेलो."

मी मात्र जळगावात स्क्रीनसमोर बसले होते. रुग्णवाहिकेचा ठिपका गावात शिरलेला दिसत होता. तो गिरणीपाशी जवळजवळ थांबला. मग हलला. मग नाला ओलांडून महामार्गाला लागला आणि धुळ्याकडे सुटला. धुळ्यात शिरताना एका चौकात युनूसभाई उभे होते. त्यांना मी मधल्या वेळात दुसऱ्या फोनवरून सांगून ठेवलं होतं. त्यांनी आणि चौकातल्या रिक्षावाल्यांनी मिळून वाट मोकळी केली.

संध्याकाळी सुभाषभाऊंचा फोन आला. "पोहोचलो. आत घेतलं. श्वास चालू होता." त्यापुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढचे काही दिवस ती बाई मशीनवरच होती, हे मागाहून कळलं.

दुसऱ्या दिवशी निखिल माझ्या टेबलाशी येऊन बसला. त्याला सगळं कळलं होतं. रागवेल असं वाटलं होतं, पण रागवला नाही. त्याने फक्त विचारलं, "ताई, सुभाषभाऊंनी फोन न करता तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला असता तर?"

मी त्याला उलट विचारलं, "आणि मी रस्ता उघडा ठेवला असता, मागून आणखी गाड्या शिरल्या असत्या आणि रुग्णवाहिका त्यांच्या मागे अडकली असती तर?"

त्याने गावातली ती रेघ पुन्हा स्क्रीनवर काढून बघितली. मग तो म्हणाला, "आपल्याला फक्त जाणारा माणूस दिसतो. रस्त्याच्या कडेला राहणारा दिसतच नाही, कारण तो हलत नाही." हे वाक्य त्याचं आहे, माझं नाही. त्यानंतर त्याने दोन गोष्टी केल्या. मोरीचं काम संपेपर्यंत गावातला रस्ता फक्त रुग्णवाहिकांना आणि गावच्याच गाड्यांना दिसेल अशी सोय केली. आणि कारणांच्या यादीत "अंत्ययात्रा" हा शब्द घातला, चित्राशिवाय. त्यावर आजही तक्रारी येतात. सकाळी कामाला निघताना असलं अशुभ दाखवू नका म्हणतात. मी सांगायचे, दाखवलं नाही तर तुम्ही त्यांच्या मागे भोंगा वाजवाल. बहुतेक जणांना ते पटायचं.

आप्पांच्या दहाव्यानंतर मी त्या गावी गेले. दुःखाच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. इतके दिवस मी त्या गावाचा रस्ता रोज बघत होते, पण गाव पाहिलं नव्हतं. फाट्यावर बसमधून उतरले, धुळ्याहून युनूसभाई आले होते, त्यांच्या मागे बसून गेले. रस्ता नकाशावर दिसतो त्याहून फार अरुंद आहे. गाडी आली की ओट्यावर बसलेल्याला पाय वर घ्यावे लागत असतील असं वाटलं. ओट्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या, एक म्हातारी दाराशी बसून शेंगा निवडत होती. इथून आम्ही गाड्या पाठवत होतो.

कमलअक्का आवाजावरून मला वाटल्या होत्या त्याहून बारीक निघाल्या. त्यांनी मला जवळ बसवलं. आप्पांबद्दल सांगितलं. शेती केली, पोरींची लग्नं केली, शेवटी शेवटी त्यांना ऐकू येणं पार बंद झालं होतं. "बठ्ठ गाव भोंगास्नी वैतागनं," अक्का म्हणाल्या, "तेस्ले पत्ताच नही. शेवटलेबी आयकू उना नही." बायका त्यावर किंचित हसल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आप्पांची बायको, गावात त्यांना मोठी माय म्हणतात, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवसापासून त्या कोणाशीच बोलल्या नव्हत्या, जेवा म्हटलं तर दोन घास खायच्या, एवढंच.

आम्ही उठायच्या बेतात होतो तेव्हा दारात एक जोडपं आलं. नवरा दाराबाहेरच पुरुषांत थांबला. बाई आत आली. तिशीची असेल, अंगावर धुतलेलं जुनं लुगडं, उजव्या पायाला गुडघ्यापर्यंत पट्टी. भिंतीला धरून चालत होती. कोणी तिला ओळखलं नाही. तिने सगळ्यांना नमस्कार केला आणि खाली मान घालून म्हणाली, "मी रेखा. दवाखानानी गाडीमा मीच व्हतू."

बायकांनी सरकून तिला जागा केली. सुभाषभाऊंकडून गावाचं नाव काढून, दवाखान्यातून सुटल्यावर घरी जायच्या आधी ती इकडे आली होती. ती बसायला गेली. सगळ्या बायका मांडी घालून बसल्या होत्या, तीही तसं बसायचा प्रयत्न करू लागली. पट्टीतला पाय दुमडेना. वडीलधाऱ्यांपुढे आणि त्यातही दुःखाच्या घरी पाय पसरायचे नसतात, हे तिला माहीत होतं. तिच्या कपाळावर घाम आला.

मोठी माय भिंतीपासून पुढे सरकल्या. स्वतः बसल्या होत्या ती गोधडी त्यांनी काढली, घडी केली आणि रेखाच्या पायाखाली ठेवली. मग पट्टीवर हलकेच हात ठेवून म्हणाल्या, "पाय लांब कर माय. आठे तुले कोनी काही म्हननार नही."